रिठी गांवें

तलाठ्याच्या दप्तरांतील गांवांची यादी चाळीत असतां कांहीं नांवांपुढें कंसांत 'रिठी' असा एक शब्द लिहिलेला आढळतो. आम्हीं एकदां वर्गांत ह्या शब्दाचा अर्थ विचारला, तेव्हां बहुतेक मुलांनीं 'जेथें रिठ्याचीं झाडें पुष्कळ तें गांव' असें उत्तर दिलें. उत्तर चतुर होतें, पण खरें नव्हतें. ज्या गांवाला नांव आहे, शीव आहे, शेतें आहेत, शेतांचे क्रमांक व खातेदारही आहेत, पण ज्यांत चूल पेटणारें एकही घर उरलेलें नाहीं, अशा गांवास आमच्या विदर्भांत रिठी म्हणतात. कागदावर तें नांदत असतें; प्रत्यक्षांत तें ओस असतें. आमच्या भंडारा जिल्ह्यांत, तसेंच १ मे १९९९ रोजीं त्यापासून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यांत, अशीं गांवें आहेत. त्यांच्याविषयीं चार शब्द लिहावे असें बरेच दिवस मनांत होतें. तो योग ह्या अंकाच्या निमित्तानें आला.

सुटीच्या दिवसांत खेड्यापाड्यांतून पायीं हिंडण्याची आम्हांस जुनी संवय आहे. त्यामुळें रिठी ओळखावी कशी, हें सरावानें कळूं लागलें आहे. धानाच्या बांध्यांतून वाट काढीत जातां जातां मध्येंच जमीन थोडीशी उंच होते. तेथें दोनतीन म्हाताऱ्या चिंचा उभ्या असतात. एखादें थोराड आंब्याचें झाड असतें. पायांखालीं कवेलूंचे तुकडे लागतात. मातीच्या भिंती पावसानें विरघळून त्यांचे नुसते उंचवटे राहिलेले असतात व त्यांवर तरोटा माजलेला असतो. अंगणाची जागा, गोठ्याची जागा, गांवाच्या मधून गेलेल्या वाटेची जागा, हीं सर्व डोळ्यांनीं शोधावीं लागतात. एक वस्तु मात्र शोधावी लागत नाहीं. झाडाखालीं शेंदूर माखलेला मारुती असतो, किंवा ओट्यावर मातामायेचे दगड मांडलेले असतात. आणि पुष्कळ ठिकाणीं त्या दगडांवरील शेंदूर ताजा असतो.

ह्या ताज्या शेंदराचें आम्हांस प्रथम फार नवल वाटे. घरें उठलीं, मग हा शेंदूर लावतो कोण? शेजारच्या गांवच्या एका वृद्ध शेतकऱ्यानें ह्याचा उलगडा केला. त्याचें म्हणणें असें कीं, गांव उठतें तेव्हां लोक घराचे सर, दारें आणि कवेलू गाड्यांत भरून नेतात, कारण तीं त्यांचीं असतात. देव मात्र नेत नाहींत, कारण तो गांवाचा असतो. म्हणून ज्यांचे वाडवडील तेथें नांदले, तीं कुटुंबें कोठेंही गेलीं तरी वर्षांतून एकदां नारळ घेऊन तेथें येतात. घरांत जावयाची सोवळी सून जशी, तशीं तीं त्या ओसाड जागेंत जोडे काढून शिरतात. आम्हीं हें पुढें स्वतः पाहिलें. चार माणसें, एक लहान मूल, एक नारळ व उदबत्तीचा पुडा. मुलाला त्याच्या आजीनें एका उंचवट्याकडे बोट करून दाखविलें, आणि आपलें घर येथें होतें, असें सांगितलें. मूल बराच वेळ त्या तरोट्याकडे पाहत राहिलें.

आतां हीं गांवें वसलीं कशीं, हें पाहूं. कारण वसण्याची रीत समजल्यावांचून उठण्याचा अर्थ समजत नाहीं.

भंडारा हा तलावांचा जिल्हा, हें आमच्या विद्यार्थ्यांस भूगोलाच्या पहिल्याच धड्यांत शिकवितात. हे तलाव आपोआप झालेले नाहींत, हें मात्र त्यांतील थोड्यांच्याच ध्यानांत राहतें. ह्या भागांत पूर्वीं दाट अरण्य होतें व त्यांत गोंडांची वस्ती होती. चांद्याच्या एका गोंड राजानें काशीयात्रेहून परततांना तिकडील कोहळी लोकांस आपल्या मुलखांत आणिलें, अशी परंपरा सांगतात. रसेल व हिरालाल ह्यांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या जातिजमातींच्या ग्रंथांतही ती नमूद आहे. हे कोहळी तलाव बांधण्यांत व ऊंस पिकविण्यांत मोठे निष्णात. दोन टेकड्या जेथें जवळ येतात ती जागा हेरावयाची, मधल्या ओढ्यावर मातीची पाळ घालावयाची, आणि पाळीच्या खालच्या अंगास रान तोडून धानाच्या बांध्या पाडावयाच्या, हा त्यांचा क्रम. त्या काळीं यंत्र नव्हतें, नकाशा नव्हता. पाण्याची पातळी पाण्यालाच विचारावी लागे. ज्यानें तलाव बांधला, त्यास त्या तलावाच्या पाण्यानें भिजेल तेवढी जमीन, अशा बोलीवर गोंड राजे जमीन देत, असें सांगतात. पुढें भोसल्यांच्या काळीं पोवार आले. कुणबी, ढीवर, गोवारी, महार अशा सर्वांच्या श्रमांनीं गांवें भरत गेलीं.

ह्या क्रमांत एक गोष्ट मोठी अर्थपूर्ण आहे. प्रथम पाणी, मग देव, आणि सर्वांच्या शेवटीं घर. पाण्याची सोय लागल्यावर गांवाच्या शिवेवर देव मांडावयाचा. आणि तोही पुष्कळदां नवा नव्हे, तर तेथल्या गोंडांच्या भुमकानें पूर्वींपासून पूजिलेलाच. नव्यानें आलेल्या मनुष्यानें त्या भूमीच्या जुन्या देवाची परवानगी घ्यावी, ही त्यामागची भावना. अरण्यांत पहिलें घर बांधणारा मनुष्य वाघाला, तापाला व पुराला भीत असे. पण आपण येथें पाहुणे आहों, हेंही तो विसरत नसे.

नवेगांवबांध हें ह्याचें सर्वांत मोठें उदाहरण. आमच्या शाळेंतील बहुतेक मुलें सहलीस तेथें गेलेलीं असतील. तो विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी ह्यानें बांधिला असें मानितात. सभोंवतीं सात टेकड्या आहेत; त्यांस 'सात बहिणी' म्हणतात, व पाळ बांधण्याच्या कामीं त्यांनीं कोलू पाटलास हात दिला अशी दंतकथा आहे. पुढें हा कोलू पाटील 'कोलासुर देव' झाला, आणि तलावाकांठच्या एका शिखरावर त्याचें ठाणें झालें. राज्य जिंकलें म्हणून देवत्व पावलेले पुरुष इतिहासांत बरेच आहेत. पाणी अडविलें म्हणून देव झालेला पाटील आम्हांस त्यांच्याहून जवळचा वाटतो. राजांच्या तलवारींचें आमच्या बांध्यांस कांहीं देणें लागत नाहीं; कोलू पाटलाच्या फावड्याचें लागतें.

इतक्या कष्टानें वसलेलीं गांवें मग उठलीं कां? कारणें एक नाहीं, अनेक आहेत. एखाद्या वर्षीं अतिवृष्टीनें पाळ फुटे. ती पुन्हां बांधण्याचें बळ नसलें, तर बांध्या कोरड्या पडत व पाण्यामागोमाग माणसें जात. कोठें हिंवताप घर करी. कोठें पटकी येई. सर्वांवर कडी केली ती १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दोन दुष्काळांनीं. १८९१ सालीं भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारें ७ लाख ४३ हजार होती. १९०१ च्या खानेसुमारींत ती सुमारें ६ लाख ६३ हजारांवर आली. दहा वर्षांत लोकसंख्या वाढावयाची, ती ८० हजारांनीं घटली! ह्या आंकड्याच्या पोटांत किती ओसऱ्या, किती पाळणे व किती चुली विझल्या असतील, ह्याचा हिशेब कोणत्याही कोष्टकांत नाहीं. त्याच सुमारास रेल्वे आली होती. लोक रस्त्याच्या व स्टेशनाच्या आश्रयास येऊं लागले. गोंदिया हें शहर रेल्वेनेंच वाढविलें. आडबाजूच्या लहान वस्त्या त्याच मानानें रिकाम्या होत गेल्या. पुढें १९५१ सालीं मालगुजारी गेली व मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले. आज त्यांस 'माजी मालगुजारी' ह्या शब्दांचीं आद्याक्षरें घेऊन 'मामा तलाव' असें लाडकें नांव पडलें आहे. नांव गोड आहे; पण पूर्वीं पाळीवर दर वर्षीं माती घालण्यास सारें गांव जात असे, तो नेम पुष्कळ ठिकाणीं मोडला आहे. ज्या तलावांत गाळ भरला, तेथील गांव रिठी होण्याच्या वाटेवर एक पाऊल पुढें गेलें, असें समजावें.

गांवें उठतात, ही गोष्ट कांहीं ह्या दोनतीनशें वर्षांतलीच नव्हे. आमच्या पवनीचें उदाहरण घ्या. वैनगंगेच्या कांठचें हें गांव आज नांदतें आहे. पण त्याच्या शेजारच्या टेकाडांखालीं दोन हजार वर्षांहून जुने बौद्ध स्तूप दडलेले होते. १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व खातें ह्यांनीं तेथें उत्खनन केलें, तेव्हां जगन्नाथ टेकडीखालचा स्तूप व त्याचे कोरीव कठड्यांचे खांब उजेडांत आले. त्या खांबांवर ब्राह्मी लिपींत दान देणाऱ्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. तेथें मस्तक टेकणारा उपासकसमुदाय गेला, भिक्षु गेले, दिवे विझले, टेकाडावर गुरें चरूं लागलीं. पण एक खांब माझ्या नांवें असावा, असें म्हणणाऱ्या त्या सामान्य स्त्रीपुरुषांचीं नांवें मातीखालीं वाट पाहत राहिलीं. लिहिलेलें राहतें, हा धडा पवनीनें आम्हांस दिला.

आमच्यासारख्या शाळांचा ज्या मिशनांशीं संबंध आहे, त्यांच्याही इतिहासांत अशा रिठी आहेत. त्यांतील एक आमच्यापासून फार दूर नाहीं. अमरकंटकाजवळ, आजच्या मध्यप्रदेशांतील दिंडोरी जिल्ह्यांत करंजिया नांवाचें गांव आहे. जबलपूर येथील अधिकारी डोनाल्ड मॅक्लिऑड ह्यांच्या सूचनेवरून बर्लिनच्या पाद्री गॉस्नर ह्यांनीं पाठविलेली जर्मन मिशनऱ्यांची एक लहानशी मंडळी १८४१-४२ च्या सुमारास तेथें गोंडांमध्यें राहण्यास आली. हातानें काम करावें, शेती करावी व लोकांमध्यें मिसळून राहावें, असा त्यांचा बेत होता. वसाहत मांडून वर्ष लोटतें न लोटतें तोंच पटकीनें गांठलें व त्यांतील चौघे मरण पावले. वसाहत मोडली. ज्या माणसांनीं समुद्र ओलांडून येऊन ह्या अरण्यांत कुदळ मारिली, त्यांच्या वाट्यास त्या कुदळीनें खणलेल्या चार कबरी तेवढ्या आल्या. पुढें नव्वद वर्षांनीं, १९३२ सालीं, व्हेरियर एल्विन ह्याच करंजियांत गोंडांची सेवा करण्यास येऊन राहिले. एका वसाहतीची रिठी झाली म्हणून ती वाट बंद झाली नाहीं.

दुसरी वसाहत नाशिकजवळची. १८५४-५५ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीचे पाद्री विल्यम साल्टर प्राइस ह्यांनीं तेथें शरणपूर वसविलें. गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांतून इंग्रजी आरमारानें सोडविलेलीं आफ्रिकन मुलेंमुली पुढें त्या ठिकाणीं आणिलीं गेलीं. त्यांस तेथें लिहिणेंवाचणें, सुतारकी, लोहारकी शिकवीत. आईबापांपासून तुटलेलीं तीं मुलें गोदावरीच्या कांठीं वाढलीं. त्यांचें गांव म्हणजे शरणपूर. १८७४ सालीं प्राइससाहेब आफ्रिकेस गेले; मोंबासाजवळ सुटका झालेल्या गुलामांसाठीं फ्रीअरटाऊन ही नवी वसाहत स्थापन झाली, आणि शरणपूरचे बरेच आफ्रिकन तिकडे गेले. नाशकांतील त्यांची वस्ती संपली. आज शरणपूर हें शहराच्या पोटांत गेलेलें आहे. त्या नांवाच्या रस्त्यावरून रोज हजारों लोक जातात, पण येथें एके काळीं आफ्रिकेच्या लेंकरांचें गांव होतें, हें किती जणांस ठाऊक असेल?

तरीही शरणपूर पुरतें नाहींसें झालें नाहीं, आणि त्याचें कारण तेथील एका विद्यार्थ्यानें करून ठेविलें आहे. त्याचें नांव जेकब वेनराइट. डॉक्टर लिव्हिंग्स्टन हे १ मे १८७३ रोजीं आजच्या झांबिया देशांत चितांबोच्या गांवीं वारले, त्या वेळीं त्यांच्या सोबतच्या मंडळींत शरणपूर येथें शिकलेले तरुण होते. त्यांनीं डॉक्टरांचें हृदय तेथेंच एका झाडाखालीं पुरलें. जेकबनें प्रार्थना वाचली, आणि त्या झाडाच्या खोडावर नांव व तारीख कोरली. मग शव उचलून ती मंडळी शेंकडों कोस चालत समुद्रकांठास आली. १८ एप्रिल १८७४ रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींत दफनविधि झाला, तेव्हां शवपेटी धरणाऱ्यांत जेकब होता. त्यानें ह्या प्रसंगाची रोजनिशीही लिहून ठेविली, व ती अद्याप आहे. गुलामांच्या जहाजांतून उतरविलेल्या, नाशकाजवळ अक्षरें गिरविलेल्या एका मुलानें जें लिहून ठेविलें, त्यामुळें लिव्हिंग्स्टनच्या अंताबरोबर शरणपूरचें नांवही राहिलें. गांव गेलें तरी गांवाचें शिक्षण माणसाच्या हातांत राहतें, तें असें.

हें सर्व आम्ही आतां कां सांगत बसलों, असें कोणी विचारील. त्याचें कारण आमच्या डोळ्यांदेखत घडलें आहे. पवनी तालुक्यांत वैनगंगेवर गोसेखुर्द येथें मोठें धरण झालें. २२ एप्रिल १९८८ रोजीं पंतप्रधान राजीव गांधी ह्यांच्या हस्तें त्याची पायाभरणी झाली. सुमारें २ लाख ५० हजार हेक्टर जमीन भिजविण्याचा हा संकल्प. आणि त्यासाठीं भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील ८० हून अधिक गांवांस जागा सोडावी लागली. मोबदल्यासाठीं व नव्या वस्त्यांतील सोयींसाठीं ह्या लोकांनीं वर्षानुवर्षें आंदोलनें केलीं. धरणाचें पाणी ज्यांच्या शेतांत जातें त्यांचें कल्याण होतें, हें खरें. आणि ज्यांचे उंबरठे पाण्याखालीं गेले त्यांचें दुःखही तितकेंच खरें. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं मनांत धरतां येणें, ह्यासच आम्ही शिक्षण म्हणतों.

दैवगति कशी विलक्षण आहे पाहा! कोलू पाटलाच्या काळीं गांव वसविण्यासाठीं पाणी अडवीत. आमच्या काळीं पाणी अडविण्यासाठीं गांव उठविलें गेलें. पूर्वींच्या रिठीवर निदान नारळ घेऊन जातां येई. ज्या गांवावर पाणी पसरलें, तेथें चिंच नाहीं, उंचवटा नाहीं, आणि देवाचा ओटाही नाहीं. म्हणून ह्या वेळीं पुष्कळ लोकांनीं जुनी रीत मोडून देव बरोबर आणिले. पुनर्वसित गांवांतून हिंडतांना आम्हीं सिमेंटच्या नव्या देवळांत जुने, झिजलेले, शेंदराचे थर चढलेले दगड पाहिले आहेत. नवें देऊळ चकचकीत, आणि आंतील देव मात्र ओळखीचा! त्याच्यासमोर बसलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडावर जें समाधान दिसलें, तें आम्हांस कोणत्याही मोठ्या क्षेत्रीं दिसलें नाहीं.

आमच्या वर्गांतही अशा गांवांहून आलेलीं मुलें आहेत. 'तुझें गांव कोणतें?' असें विचारलें, म्हणजे त्यांतील एखादा क्षणभर थबकतो आणि मग दोन नांवें सांगतो; एक आईबापांच्या तोंडचें, व दुसरें पाटीवरचें. जुन्या गांवांत कोणत्या विहिरीचें पाणी गोड होतें, असें विचारलें तर तो गप्प राहतो. कारण तो तेथें जन्मलाच नाहीं, आणि घरांत तें कोणी बोलत नाहीं. वडील माणसें दुःख उगाळूं नये म्हणून बोलत नाहींत. मुलें त्यांस वाईट वाटेल म्हणून विचारीत नाहींत. अशा रीतीनें जें गांव पाण्यानें बुडविलें, तें मौनानें दुसऱ्यांदा बुडतें.

म्हणून पालकांस आमची नम्र विनंति आहे कीं, त्यांनीं बोलावें. आपलें मूळ गांव रिठी झालें असो, पाण्याखालीं गेलें असो, कीं सुदैवानें नांदत असो, त्याची गोष्ट मुलांस सांगावी. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्ही ती लिहून ठेवावी. भाषा सुंदर पाहिजे असें नाहीं. पवनीच्या खांबांवर नुसतीं नांवेंच आहेत. गांव कोणी वसविलें असें म्हणतात, तलावाचें नांव काय, पाळ कोणत्या वर्षीं फुटली, गांवदेव कोणता व त्याची पूजा केव्हां असे, शाळा कोठें भरे, विहिरी किती, कोणत्या झाडाखालीं पंचायत बसे, आणि उठून गेलेलीं घरें कोणत्या गांवीं गेलीं, एवढें एका वहींत लिहा. देवळाबरोबर बुद्धविहार, मशीद, चर्च जें असेल त्याचीही नोंद करा. प्रार्थना कोणत्या भाषेंत झाली ह्यावरून ओसाड जागेचें दुःख कमीजास्त होत नाहीं. आजोबाआजी आहेत तोंवर हें काम एका रविवारचें आहे. त्या गेल्यावर तें कोणासही साधणार नाहीं.

अशी वही कोणी शाळेंत आणून दिली, तर ती ग्रंथालयांत जपून ठेवण्याची व्यवस्था आम्ही करूं. सरकारी दप्तरांत ज्या गांवापुढें कंसांत एकच शब्द आहे, त्या गांवापुढें आमच्या मुलांनीं चार पानें लिहावींत, एवढीच इच्छा आहे.